स्क्रीनशॉट राहू द्या, आधी त्या मुलाचं बघा

प्रश्न :

माझं वय 36. एका कंपनीत 7 वर्षं काम करतेय. आमची टीम आकडेवारी तपासून दर तिमाहीला एक मोठा अहवाल तयार करते. 8 महिन्यांपूर्वी साहेब बदलले आणि तेव्हापासून ऑफिसात दोन कंपू पडलेत. एक जुन्या साहेबांच्या माणसांचा, एक नव्यांच्या मर्जीतल्यांचा. मी कुठल्याच कंपूत नाही. मी राजकारण करत नाही, आपलं काम करते आणि घरी जाते. पण माझ्याच बरोबरीचा एक सहकारी माझं काम स्वतःच्या नावावर खपवतो. गेल्या अहवालातले बहुतेक तक्ते मी केले. मीटिंगमध्ये तो ‘मी असं पाहिलं, मी तसं काढलं’ म्हणत राहिला आणि मी ऐकत बसले. आता एक बढती व्हायची आहे आणि ती त्यालाच मिळणार अशी कुजबुज आहे. त्याच अहवालात मागाहून एक चूक सापडली. ती टीममधल्या नव्या मुलावर ढकलली गेली. खरं तर ती त्याची नव्हती, पण मी मध्ये पडले नाही. आणि दोन आठवड्यांपूर्वी एका मैत्रिणीनं मला एक स्क्रीनशॉट पाठवला. त्यांच्या खासगी ग्रुपवर या सहकाऱ्यानं नव्या साहेबांबद्दल फार खालच्या भाषेत लिहिलंय. मैत्रीण म्हणते, ‘हा साहेबांपर्यंत पोचव, बढतीचा विषयच संपेल.’ नवरा म्हणतो, ‘नोकरी बदल.’ मला सरळ राहायचंय. पण सरळ राहायचं म्हणजे मागे पडायचं का? कृपया नाव छापू नका.

उत्तर :

प्रिय मैत्रीण,

स्क्रीनशॉट वापरू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं वाचताना तुमचं अर्धं लक्ष तिकडेच राहील.

तो वापरला तर व्यवहारात काय होईल, ते तुम्हालाही दिसत असणार. साहेब पहिला प्रश्न विचारतील, ‘हे तुमच्याकडे कसं आलं?’ त्या क्षणी तुमची मैत्रीण उघडी पडेल. त्या ग्रुपात मोजकीच माणसं असतील, त्यामुळे शोध लागायला एक दिवस पुरेल. सहकाऱ्याचं नुकसान होईलही, पण साहेबांच्या मनात तुमच्याबद्दल जे बसेल ते पुसता येणार नाही. ही बाई इतरांच्या खासगी गोष्टी जपून ठेवते आणि वेळ आली की काढते, हे ते विसरणार नाहीत. उद्या तुमच्यासमोर बोलताना तेच जपून बोलतील. ज्या साहेबांचा विश्वास हवा म्हणून हे करायचं, तोच विश्वास पहिल्यांदा जाईल.

पण समजा, यातलं काहीच होणार नाही अशी खात्री असती, तरी माझं उत्तर हेच असतं. त्यानं तुमचं श्रेय लाटलं, ही एक गोष्ट. त्यानं खासगीत साहेबांना शिव्या घातल्या, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीनं तुमचं काहीही बिघडलेलं नाही. पहिल्या गोष्टीचा राग दुसरीच्या खांद्यावरून काढायचा, याला न्याय मिळवणं म्हणत नाहीत. शिवाय त्या स्क्रीनशॉटनं तुमचे तक्ते तुमच्या नावावर होणार नाहीत. त्याची बढती कदाचित जाईल, पण तुमचं काम तेव्हाही कोणाला माहीत नसेल.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी 1795 साली लिहिलेल्या एका निबंधात यासाठी एक कसोटी दिली आहे. ते बोलत होते राज्यकारभाराबद्दल, पण ती ऑफिसातही तशीच्या तशी लागू पडते. दुसऱ्याच्या हक्काशी संबंध असलेली कृती आपण करतोय, आणि तिच्यामागचा विचार उघड केला की ती कृती फसणार आहे, तर ती अन्याय्य आहे. तुमच्या बाबतीत लावून बघा. ‘मला बढती हवी आहे म्हणून मी याचं खासगी बोलणं तुमच्यापुढे ठेवते आहे,’ असं तुम्ही साहेबांना सांगू शकाल? सहकारी त्याच खोलीत बसलेला असताना सांगू शकाल? नाही ना. याउलट, ‘या तक्त्यांचं काम मी केलं होतं आणि तसा उल्लेख व्हायला हवा होता,’ हे वाक्य त्याच्यासमोर म्हणता येतं. आवाज कापेल, पण म्हणता येतं. पुढे जे काही करायचं सुचवणार आहे, ते सगळं या एका चाळणीतून गाळून घेतलेलं आहे.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. त्या स्क्रीनशॉटमध्ये खोटे आकडे घुसवायचं ठरलेलं असतं, कोणाला धमकी असती, एखाद्या बाईबद्दल घाणेरडं काही शिजत असतं, तर ती खासगी कुजबुज राहिली नसती. ज्याला इजा होणार आहे त्याचा हक्क तिथे मोठा ठरला असता. तेव्हाही ते साहेबांच्या कानात सांगायचं नसतं. रीतसर तक्रार जिथे होते तिथे, लेखी, स्वतःच्या नावानिशी द्यायचं असतं. तुमच्या हातातला कागद तसा नाही. तो एका वैतागलेल्या माणसाच्या घाणेरड्या तोंडाचा पुरावा आहे, एवढंच.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी थांबले तिच्याकडे येते. ‘खरं तर ती त्याची नव्हती, पण मी मध्ये पडले नाही.’ इतक्या लांब पत्रात त्या मुलाला तुम्ही दोन-तीन ओळी दिल्यात आणि लगेच स्क्रीनशॉटकडे वळलात. त्याआधी तुम्ही लिहिलंय, ‘मी राजकारण करत नाही.’ मला वाटतं, ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून तुम्ही एकदा वाचावीत.

त्या दिवशी त्या खोलीत राजकारण झालं. एका चुकीची जबाबदारी कोणावर टाकायची, हे ठरलं. ज्याची बाजू घेणारं कोणी नव्हतं, त्याच्यावर ती टाकली गेली. खरं काय ते माहीत असलेली एक व्यक्ती तिथे होती, तिचा शब्द ऐकला गेला असता, आणि ती गप्प राहिली. ज्यांना बळीचा बकरा हवा होता त्यांच्या ते पथ्यावरच पडलं. तुम्ही कोणत्याच कंपूत नसाल, पण त्या दहा मिनिटांत तुमचं वजन एका पारड्यात पडलंच.

हे मी वरच्या पायरीवर उभी राहून लिहीत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही अशाच एका टेबलाशी बसले होते. आमच्या विभागातल्या एका टायपिस्टवर हरवलेल्या फाइलचा ठपका आला. ती फाइल कोणी नेली होती ते मी पाहिलं होतं. नेणारे वरिष्ठ होते. मी माझ्या वहीत काहीतरी लिहीत असल्याचं दाखवलं. तिला काढलं नाही, फक्त दुसरीकडे बदली झाली. जाताना ती सगळ्यांना भेटली, मलाही भेटली, आणि माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. मी पाहिलं होतं हे तिला कधीच कळलं नाही. मला इतक्या वर्षांनीही तिचं ते साधं बोलणं आठवतं.

एका आवाजानं काय फरक पडतो, असं आपण मनाला समजावतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1950 च्या दशकात केलेले प्रयोग यासाठीच वाचण्यासारखे आहेत. लोकांना एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते विचारायचं. उत्तर इतकं सोपं की एकट्यानं बसून कोणी चुकणार नाही. पण खोलीतली बाकी सगळी माणसं अ‍ॅश यांनी आधीच शिकवून ठेवलेली, आणि ती एकमुखानं चुकीचं उत्तर देणारी. अशा वेळी ज्याच्यावर प्रयोग चालू होता तो माणूस सुमारे एक तृतीयांश वेळा स्वतःच्या डोळ्यांना न जुमानता इतरांच्या चुकीच्या उत्तरात उत्तर मिसळायचा. मग त्यांनी एक छोटा बदल केला. त्या शिकवलेल्या माणसांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. फक्त एकाला. बहुमताचा दबाव एक चतुर्थांशावर आला. म्हणजे तुम्ही बोलला असतात तर त्या खोलीतल्या आणखी दोघातिघांना बोलता आलं असतं. कदाचित तेही मान खाली घालून कोणीतरी सुरुवात करण्याची वाट पाहत होते.

ती चूक नेमकी कोणाची होती, ते तुम्ही लिहिलेलं नाही. हा प्रश्न मी टाळणार नाही, तुम्हीही टाळू नका. बहुतेक तक्ते तुमचे होते असं तुम्हीच म्हणता. त्या चुकीत तुमचा थोडासा जरी वाटा असेल, तर आधी तो कबूल करा, साहेबांपुढे, स्पष्ट शब्दांत. चांगल्या तक्त्यांचं श्रेय मागायचं आणि चुकलेल्या तक्त्याच्या वेळी खाली बघायचं, हे त्या सहकाऱ्याच्या वागण्यापासून फार लांब नाही. मला कल्पना आहे, हे वाचून तुम्हाला लागेल. पण श्रेय आणि दोष एकाच हातानं उचलणारी बाई श्रेय मागते तेव्हा तिच्याशी वाद घालणं फार अवघड असतं.

चूक तुमची नसेल, दुसऱ्या कोणाची असेल, तरी साहेबांकडे जाऊन त्या ‘दुसऱ्या कोणाचं’ नाव घ्यायची गरज नाही. इथे एक मोह होईल. चूक त्याच सहकाऱ्याची असेल तर त्या मुलाचं निमित्त करून त्याला झोडपावंसं वाटेल. तसं केलंत तर तो मुलगा दुसऱ्यांदा वापरला जाईल, या वेळी तुमच्याकडून. एवढंच सांगा : ‘गेल्या अहवालातली चूक त्याच्याकडे फाइल यायच्या आधीच्या टप्प्यावर झाली होती. मला त्या दिवशीच सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही, ते माझं चुकलं. त्याच्या नावावर ती नोंद राहू नये, एवढ्यासाठी आले आहे.’ कोणाची होती असं साहेबांनी विचारलंच, तर फाइलचा क्रम त्यांच्यापुढे ठेवा, कोणत्या दिवशी काय बदललं ते दाखवा. तुमच्याकडून अंदाज नको, शेरे नकोत.

आणि साहेबांच्या आधी त्या मुलाशी बोला. त्याला विचारल्याशिवाय त्याचा विषय काढू नका. त्याला कदाचित तो विषय पुन्हा उकरायचा नसेल, कदाचित तो रात्री जागून काढत असेल. ‘मी बोलायला हवं होतं, बोलले नाही. आता मी साहेबांना सांगणार आहे, तुला चालेल ना?’ एवढं पुरे. स्वतःला फार दोष देत बसू नका, नाहीतर तुमचं सांत्वन करायचं काम त्याच्या गळ्यात पडेल.

आता ‘मी राजकारण करत नाही’ या वाक्याकडे. खूप प्रामाणिक माणसं हे वाक्य अभिमानानं म्हणतात आणि त्यामागचा अर्थ चांगलाच असतो : मी चहाड्या करत नाही, कोणाचे कान भरत नाही, हांजी हांजी करत नाही. हे सोडू नका. पण त्या वाक्यात आणखी काही गोष्टी नकळत गुंडाळल्या जातात. मी कोणाला माझं काम दाखवत नाही. मीटिंगच्या आधी कोणाशी बोलत नाही. मला काय हवं ते मागत नाही. या गोष्टी टाळण्यात कसलीही नीती नाही. जागा एक आणि माणसं चार असतील तिथे कोणीतरी निवड करणार, आणि निवड करणारा माणूस त्याला जे दिसलं, जे कळलं त्यावरच करणार. त्याला खरी माहिती मिळेल असं बघणं हे लबाडीचं काम नाही.

बरेचसे निर्णय मीटिंगमध्ये होत नाहीत. मीटिंगमध्ये ते जाहीर होतात. हे मला फार उशिरा कळलं. मी एकदा कामाची पद्धत बदलण्याचा एक प्रस्ताव महिनाभर खपून तयार केला आणि तो थेट सगळ्यांसमोर मांडला. हिशेब सांभाळणाऱ्या गृहस्थांनी पाच मिनिटांत तो मोडीत काढला. माझा समज झाला की हे माझ्या विरोधातल्या गटाचं काम. पुढे त्यांच्याशी ओळख वाढली तेव्हा कळलं, त्या प्रस्तावानं त्यांच्या दोन माणसांचं काम दुप्पट होणार होतं आणि हे त्यांना पहिल्यांदा त्या खोलीत, वीस जणांदेखत कळलं होतं. मी आधी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले असते तर त्यांनी त्यातली ती खोट दाखवली असती, मी ती दुरुस्त केली असती आणि तेच माझ्या बाजूनं बोलले असते. ‘मी आपली सरळ मांडणार, मागे-पुढे कोणाशी बोलणार नाही,’ या माझ्या ताठपणात सरळपणा कमी होता, आणि दुसऱ्याच्या अडचणीबद्दलची बेफिकिरी जास्त होती.

तेव्हा आधी जाऊन बोलणं वाईट नाही. काय बोलता यावर सगळं आहे. ‘हा बदल केला तर तुमच्या लोकांना काय त्रास होईल?’ हे विचारणं एक, आणि ‘तो काय म्हणत होता तुमच्याबद्दल, माहितीये?’ हे दुसरं. पहिलं कोणीही ऐकलं तरी चालतं.

सहकाऱ्याशी आता बोलायलाच हवं, आणि ते एकट्यानं, दार लावून, राग उतरलेला असताना. बोलायच्या आधी एक शक्यता मनात असू द्या. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोन संशोधकांनी 1979 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून त्यांनी विचारलं की घरातल्या अमुक कामातला तुमचा वाटा किती? बहुतेक जोडप्यांमध्ये दोघांच्या सांगितलेल्या वाट्यांची बेरीज पूर्ण कामापेक्षा जास्त भरली. कोणी खोटं बोलत नव्हतं. स्वतः केलेलं माणसाला बारीकसारीक तपशिलासकट आठवतं, दुसऱ्यानं केलेलं तितकं आठवत नाही, दिसतही नाही. तुमच्या सहकाऱ्याला खरोखर वाटत असेल की तो अहवाल त्यानं उभा केला. आणि क्षमा करा, पण ‘बहुतेक तक्ते मी केले’ या तुमच्या वाक्यालाही हाच नियम लागू होतो. बोलायला जाण्याआधी जुन्या फाइली, जुन्या मेल काढा आणि कोणी काय केलं ते कागदावर लिहा. कोर्टात नेण्यासाठी म्हणून लिहू नका. स्वतःच्या मनातला आकडा तपासून पाहण्यासाठी लिहा. यादीत त्याचं काम तुमच्या अंदाजापेक्षा जास्त निघालं तर तेही त्याला सांगा.

मग बोला, अगदी थोडक्यात. ‘गेल्या मीटिंगमध्ये प्रादेशिक तक्ते आणि तुलनेचा भाग माझा होता, तिथे तुम्ही “मी” म्हणालात. तेव्हा मी गप्प बसले, पण मला ते खटकलं. पुढच्या वेळी माझा भाग मी मांडेन.’ नेमका कोणता भाग ते तुम्ही तुमच्या कामाप्रमाणे घाला. ‘तुम्ही नेहमीच असं करता’, ‘सगळ्यांना माहितीये तुम्ही कसे आहात’ असली वाक्यं नकोत. ती ऐकली की समोरचा माणूस मुद्दा सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो. तो ‘अरे हो, लक्षातच आलं नाही’ म्हणाला तर ते खरं धरा. ‘टीमचं काम आहे, माझं-तुझं काय करायचं’ म्हणाला तर म्हणा, ‘बरोबर, मग पहिल्या पानावर सगळ्यांची नावं घालू, कोणी काय केलं त्यासकट.’ त्या यादीत नव्या मुलाचंही नाव असू द्या.

तरीही पुढच्या मीटिंगमध्ये त्यानं तेच केलं तर? तर तिथल्या तिथे, शांत आवाजात, कामाच्या तपशिलात शिरा. ‘तो तक्ता मी करत होते तेव्हा दोन तिमाहींचे आकडे जुळत नव्हते, ते कसे जुळवले हे सांगते.’ यात आरोप नाही, भांडण नाही. ज्यानं काम केलेलं असतं त्यालाच आतल्या अडचणी सांगता येतात, आणि ऐकणाऱ्यांना काय समजायचं ते समजतं.

राज्यशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी 1980 च्या सुमारास संगणकावर एक स्पर्धा भरवली होती. जगभरातल्या अभ्यासकांनी पाठवलेले प्रोग्राम एकमेकांशी पुन्हा पुन्हा एक खेळ खेळणार, ज्यात दर वेळी सहकार्य करायचं की दगा द्यायचा एवढंच ठरवायचं. एकाहून एक धूर्त डावपेच आले होते. जिंकला तो अनातोल रापोपोर्ट यांनी पाठवलेला सगळ्यात छोटा प्रोग्राम. त्याची रीत अशी : सुरुवात सहकार्यानं करायची, समोरच्यानं दगा दिला तर पुढच्याच डावात तसं उत्तर द्यायचं, आणि तो वळणावर आला की मागचं काढत न बसता पुन्हा सहकार्य. दुसऱ्या स्पर्धेत, सगळ्यांना ही रीत माहीत असतानाही, तोच जिंकला. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की गैरसमजाला वाव असेल तिथे थोडी जास्त क्षमा ठेवणारी रीत अधिक टिकते, नाहीतर एका चुकीच्या समजुतीतून सूडाची माळच लागते. तुमच्या ऑफिसात गैरसमजाला भरपूर वाव दिसतो. म्हणून म्हणते, तिथल्या तिथे बोला आणि तिथेच सोडा. तुम्ही आजवर पहिला भाग केला नाहीत, त्यामुळे दुसराही जमला नाही. इतके दिवस गिळलेला राग स्क्रीनशॉटच्या रूपानं बाहेर पडायला बघतोय.

साहेबांबद्दल मला एक गोष्ट जाणवली. तुमच्या पत्रात नव्या साहेबांचं एकही वाक्य नाही. ते काय म्हणाले, तुमच्या कामाबद्दल त्यांना काय वाटतं, काहीच नाही. म्हणजे 8 महिन्यांत तुमचं त्यांच्याशी नीट बोलणंच झालेलं नाही असं मी समजते. तुमच्या 7 वर्षांतले शेवटचे 8 महिनेच त्यांनी पाहिलेत, आणि तेही मधल्या माणसाच्या तोंडून. ‘काम बोलतं’ असं आपण म्हणतो, पण काम मुकं असतं, त्याच्याजवळ कोणीतरी उभं राहून ते दाखवावं लागतं. दोन आठवड्यांतून पंधरा मिनिटं त्यांच्याकडे मागा. काय पूर्ण झालं, काय अडलंय, कोणाची मदत झाली, एवढं सांगायचं. ‘कोणाची मदत झाली’ हे वगळू नका. आपल्या तोंडून इतरांची नावं नेमानं घेणाऱ्या माणसानं स्वतःचं नाव घेतलं तर ते कोणाला खुपत नाही.

आणि बढती हवी आहे का? असेल तर ताकाला जाऊन भांडं लपवू नका. कुजबुजीवर विश्वास ठेवून तुम्ही हरल्यासारख्या बसला आहात, पण तुम्हाला ती जागा हवी आहे हे साहेबांना माहीत तरी आहे का? ‘या जागेसाठी माझा विचार व्हावा असं मला वाटतं. तुम्ही कोणत्या गोष्टी बघणार आहात आणि त्यात मी कुठे कमी पडते?’ असं सरळ विचारा. उत्तर अस्पष्ट आलं तर भेटीनंतर दोन ओळींची मेल टाका : आज असं असं बोलणं झालं, मी अमुक गोष्टीवर काम करते आहे, काही राहिलं असेल तर सांगा. मात्र हे दोन विषय एकाच भेटीत आणू नका. त्या मुलाचं बोलायला गेलात त्या दिवशी बढतीचा ब्र काढू नका. नाहीतर त्याची सफाई ही तुमच्या अर्जाची प्रस्तावना वाटेल.

कंपूंबद्दल फार लिहीत नाही. दोन्हीकडे कामापुरता मोकळा संबंध ठेवा, दोन्हीकडे एक-एक माणूस असा असू द्या की ज्याला अडचण विचारता येईल. कोणी तिसऱ्याची निंदा सुरू केली तर उपदेश करू नका, ‘तू हे त्याच्याशी बोललास का?’ एवढं विचारा. याच प्रश्नावर अर्ध्या चुगल्या संपतात. जॉन स्कॉव्रॉन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली एक गमतीदार पण बोचरी गोष्ट दाखवून दिली : आपण दुसऱ्याला जे दुर्गुण चिकटवतो, तेच ऐकणाऱ्याच्या मनात नकळत आपल्या नावाशी जोडले जातात. त्याला कपटी म्हणत फिरलात तर काही दिवसांनी लोकांना ‘कपटी’ म्हटलं की तुम्ही आठवाल.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मी झिडकारणार नाही. नोकरी बदलणं म्हणजे पळ काढणं नव्हे. पण आजवर तुम्ही तिथे एकदाही तोंड उघडलेलं नाही, आणि न बोलता सोडलेली जागा माणूस मनातून सोडू शकत नाही. पुढच्या ठिकाणीही एक साहेब असतील, एक सहकारी असेल, मोठ्या आवाजात ‘मी’ म्हणणारा. स्वतःला सहा महिन्यांची मुदत द्या. या मुदतीत वरचं सगळं मनापासून करून पाहा. खरं बोलल्याबद्दल तुम्हाला त्रास दिला गेला, किंवा तुम्हाला कोणाविरुद्ध खोटं बोलायला सांगितलं गेलं, तर मुदत संपायची वाट पाहू नका, दुसरीकडे शोधायला लागा. तसं काही झालं नाही, फक्त बढती त्याला मिळाली, तर मात्र जरा थांबून पाहा. तुमचं काम आणि तुमचा शब्द साहेबांना माहीत झालेला असेल, आणि पुढची जागा येईल तेव्हा परिस्थिती आजची नसेल. तो प्रश्न तेव्हा सोडवा.

तुम्ही विचारलंत, सरळ राहायचं म्हणजे मागे पडायचं का? कधीकधी, हो. त्या मुलाबद्दल खरं सांगितल्यावर साहेबांचा चेहरा पडेलही, कदाचित तुमच्या बढतीवर त्याचा परिणाम होईल. मी तुम्हाला असं आश्वासन देऊ शकत नाही की सरळ वागणाऱ्याला शेवटी सगळं मिळतं. पण तुम्ही आत्ता मागे पडल्या आहात त्याचं कारण तुमचा सरळपणा आहे असं मला वाटत नाही. तुम्ही गप्प राहिलात म्हणून मागे पडलात. गप्प राहणं आणि सरळ असणं या दोन गोष्टी तुम्ही एकच समजत आलात, आणि त्याची किंमत थोडी तुम्ही आणि बरीच त्या मुलानं मोजली.

आज संध्याकाळी मैत्रिणीला फोन करा. तिनं तुमच्यावरच्या प्रेमापोटीच ते पाठवलं असणार, म्हणून तिच्यावर रागावू नका. मी हे वापरणार नाही, तूही दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस, एवढं सांगा आणि तिच्याशी बोलता बोलताच तो स्क्रीनशॉट पुसून टाका. फोनमध्ये राहिला तर एखाद्या वाईट दिवशी हात तिकडे जाईल. उद्या ऑफिसात गेल्यावर जुन्या फाइली काढायच्या आधी, साहेबांची वेळ मागायच्या आधी, त्या मुलाच्या टेबलाशी जा आणि त्याला दहा मिनिटं बाहेर यायला सांगा. तो घाबरेल, कारण मोठ्या माणसांनी बाजूला बोलावलं की काय होतं याचा त्याला नुकताच अनुभव आलाय. म्हणून पहिलंच वाक्य हे म्हणा की ती चूक त्याची नव्हती, आणि हे तुम्हाला माहीत आहे.